काकूंचा रंग

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी आयुष्यात एकही फोटो पास केलेला नाही. माणसं पास केली, सोसायटीचा प्लंबर पास केला, एकदा तर मी केलेली थालिपीठंसुद्धा पास केली. पण फोटो म्हणाल तर नाव नको. चाकणच्या एका कंपनीत तपासणी खात्यात त्यांनी तीस वर्षं काढली आणि निवृत्त झाल्यावर ते खातंच उचलून आकुर्डीच्या दोन खोल्यांत आणलं. माझ्या लग्नाचा अल्बम मी मोठ्या कौतुकाने त्यांना दाखवायला दिला. आठवड्याने परत आला तेव्हा सगळ्या फोटोंवर लाल टिकल्या होत्या. "नवरी पिवळी, भटजी निळा," काका म्हणाले, "आन् तू लाल. पर तू लालच व्हतास म्हना, भ्याला व्हतास." माझी बायको चार दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

फोटो छापणाऱ्या लॅबवाल्यांवर त्यांचा विशेष दात. महाळुंग्याची वडिलोपार्जित जमीन कारखान्यांत गेली तेव्हा या माणसाने हूं की चूं केलं नाही. पण स्टेशनजवळच्या लॅबने काकूंना गोरं केलं, तेव्हा मात्र काउंटरवर हात आपटला. काकू जुन्या गुळाच्या रंगाच्या. फोटोत त्या दुधात बुडवून काढल्यासारख्या आल्या होत्या. "काका, मशीनच थोडं उजळ करतं. सगळ्यांना आवडतं तसं," लॅबवाला बिचारा समजावत होता. "सगळ्यांची न्हाई, माझी बायको हाय ती," काका म्हणाले. दुसऱ्या दिवशी घरात प्रिंटर आला.

कंपनीत प्रत्येक भागाचा एक बिनचूक नमुना जपून ठेवलेला असतो. त्याला मास्टर म्हणतात, आणि तयार झालेला माल त्याच्याशी ताडून बघतात. काकांचा मास्टर म्हणजे काकूंचा उजवा हात. प्रिंट बाहेर आली की "मास्टर आना" अशी आरोळी उठायची, आणि काकू लसूण सोलायचा सोडून खिडकीपाशी येऊन हात पुढे धरायच्या. काका एकदा कागदाकडे बघणार, एकदा हाताकडे, मग कोपऱ्यावर लाल फुली. "चाळीस वर्सं बघत्यात, अजून रंग पाठ न्हाई ह्यांना," काकू मला सांगायच्या. हात मात्र काढून घ्यायच्या नाहीत.

गेल्या वर्षी काकू गेल्या. तीन दिवस दवाखान्यात होत्या, मग संपलंच. दहाव्याला पाहुणे जमले तर मांडायला फोटोच नव्हता. लॅबमधून अर्ध्या तासात आला असता, पण काकांनी साफ नकार दिला. मी चंदनाचा हार नेला होता, तोही त्यांनी डबीतच ठेवला. "पास न झालेल्या मालाला हार घालायचा न्हाई," म्हणाले. तेव्हापासून रोज सकाळी चहा झाला की एक प्रिंट आणि तिच्यावर एक लाल फुली. आधी मला हसू यायचं. मग एके सकाळी प्रिंट खिडकीशी धरून ते सवयीने ओरडले, "मास्टर आना!" आणि प्रिंट हळूच खाली ठेवली. मी उठून स्वयंपाकघरात गेलो. मला रडू आलं होतं, ते लपवण्यात काही अर्थ नाही.

यंदा साखरेने त्यांचे डोळे खाल्ले. आहे तेवढं सांभाळा, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. आता समोर माणूस उभा आहे एवढं कळतं, रंग कळत नाही. परवा त्यांनी मला वर बोलावलं. प्रिंटरची बटणं त्यांना पाठ. चाचपत कागद लावला, बोटांनी मोजत रंग कमीजास्त केले आणि बाहेर आलेली प्रिंट माझ्या हातात दिली. "आता डोळा तुझा. खोटा ओके देऊ नगंस, माल परत येतो."

मी ती खिडकीशी नेली आणि बघतच राहिलो. काकूच होत्या. तोच गूळ, कानाजवळ जरा गडद, हनुवटीवर जरा फिका. पंधरा वर्षं मी त्यांच्या हातची भाकरी खाल्ली आहे, या रंगाला मी चुकणार नाही. "ओके" अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात टेबलावरची हाराची डबी दिसली. मी ओके म्हटलं की हार चढणार, प्रिंटरवर फडकं पडणार. मग उद्या सकाळी चहा झाल्यावर या माणसाने करायचं काय?

"जरा गोऱ्या आल्यात, काका," मी म्हणालो.

"वाटलंच मला," काका म्हणाले, आणि त्यांचा ओढलेला चेहरा सैल झाला. "रिजेक. उद्या पुन्ना काढू." त्यांनी लाल पेन मागितलं. फुली निम्मी कागदावर पडली, निम्मी टेबलावर. "फाडून टाक," म्हणाले.

मी ती फाडलेली नाही. माझ्या कपाटात, लग्नाच्या अल्बममध्ये, लाल टिकल्यांच्या फोटोंबरोबर ती आहे. काकांचा जन्मात एकच नग बिनचूक निघाला, आणि तो मी नापास केला. बरं केलं की वाईट, मला कळत नाही. उद्या सकाळी चहा झाला की मला पुन्हा वर जायचं आहे.