चौथ्या मजल्यावरची काच

काचेच्या मिस्त्रीला शहाणपण शिकवायला जाऊ नये, हे बिल्डरसुद्धा जाणून होता. ऑफिसातल्या टेबलावर तळहाताएवढा तुकडा बघून काच ठरवणारे मूर्ख, असं मिस्त्री तोंडावर सांगायचा. या टॉवरच्या वेळी त्याने शेजारशेजारच्या दोन बाल्कन्यांना पुऱ्या काचा लावल्या, एक आरपार आणि एक दुधी. मग रस्त्यापलीकडे जाऊन पाहिलं आणि म्हणाला, "दुधी लावाल तर इमारत बसकी दिसेल. आरपार लावा, हलकी वाटेल."

बिल्डरने ऐकलं. वीसच्या वीस मजले आरपार झाले आणि टॉवर देखणा दिसला, खोटं कशाला बोला. मिस्त्रीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पण या शहाण्याने काच पाहिली होती रिकाम्या इमारतीवर. आत माणसं राहायला येणार, ती खाटा-बादल्या घेऊन येणार, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

पुढे मिस्त्रीच्या मुलाने तिथेच चौथ्या मजल्यावर, रस्त्याच्या बाजूला घर घेतलं. त्याच वर्षी मिस्त्रीच्या बायकोचं अर्धं अंग गेलं. घरात ऊन यायचं ते फक्त बाल्कनीत, म्हणून त्याने तिची खाट तिथे टाकली. सकाळभर ती उन्हात पडून रस्त्यावरची माणसं बघायची. त्या चार तासांवर तिचा उरलेला दिवस निघायचा.

आणि सोसायटीची नोटीस आली. बाल्कनीत खाट, बादली, कपडे काही दिसता कामा नये, आडोशाला चादरही चालणार नाही, इमारतीची शोभा जाते. जळो ती शोभा! आजारी बाईची खाट म्हणजे यांना अडगळ.

मिस्त्री खाली जाऊन चिटणीसबाईंना फाटकापाशी भेटला. "बाई, खाट राहू द्या. माझ्या बाल्कनीला मी स्वतः दुधी काच बसवतो. बाहेरून काही दिसणार नाही."

बाई वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, "काका, काचेतलं तुमच्याइतकं कुणाला कळत नाही. एकट्या चौथ्या मजल्याला दुधी काच बरी दिसेल, एवढं म्हणा. बाकीच्यांना मी समजावते."

मिस्त्रीने मान वर करून पाहिलं. "बरी कसली? मोतीबिंदू झाल्यासारखी दिसेल," तो म्हणाला.

बोलून गेला आणि मग जीभ चावली. पण आता काय उपयोग? "मग माझा इलाज नाही," म्हणत बाई निघून गेल्या.

संध्याकाळी बापलेकांनी खाट उचलून आतल्या खोलीत नेली. तिथली खिडकी शेजारच्या भिंतीवर उघडायची. बायकोने विचारलं तेव्हा त्याने घडलं ते सगळं सांगितलं. काही न लपवता सांगितलं, तेवढी लाज त्याला होती.



"माझ्याशी जन्मभर खोटं बोललात," ती म्हणाली. "आज माझ्यासाठी एकदा बोलायचं होतं."