जिन्यातला हार

मुलांनो, आपल्या अमरावतीच्या इमारतीला अजूनही लिफ्ट नाही. रोज सकाळी बडनेऱ्याहून एक फुलवाली येते. तिचे नाव मी कधी विचारले नाही. पूर्वी ती तिन्ही मजले एका दमात चढायची आणि तयार हार दाराच्या कडीला अडकवून जायची. करोनातून ती वाचली, पण इतकी वर्षे झाली तरी तिचा दम काही परतला नाही. दहा पायऱ्यांतच छाती धपापते.

एकदा मी खाली उतरून तिला म्हटले, "उद्यापासून मीच खाली येत जाईन."

तिने टोपली मागे ओढली. "काहून? आज खाली घेसान, उद्या दुसरी फुलवाली पाहसान. तुमी तुमचे गुडघे सांभाळा, आजी."

दुसऱ्या दिवसापासून ती सुटी फुले आणू लागली. जिन्याच्या पहिल्या वळणावर बसून शेवंती ओवते, दुसऱ्यावर झेंडू, आणि माझ्या दाराशी येऊन शेवटची गाठ मारते. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारले, "दम खाऊन राहिली का वं?"

सुई न थांबवता ती म्हणाली, "दिसत नाही का? हार करून राहिली."

काल भाजीची पिशवी घेऊन चढताना माझेच गुडघे बोलू लागले. मी त्याच वळणावर टेकले. ती सरकली आणि दोऱ्याचे टोक माझ्या हातात देत म्हणाली, "नुसत्या बसू नका, आजी. लोकं म्हनतीन, थकल्या."