पाममध्ये चौकडी बसते

“मग लोक काय टाळ घेऊन येतील?” भावनाताईंनी झारा कढईवर आपटला. “‘रविवारी संध्याकाळी आमच्याकडे चौकडी बसणार’, असं तुमीच ग्रुपवर टाकलं. आपल्या पाम गावात ‘बसणार’ म्हणजे काय, ते शेंबड्या पोरालाही कळतं!”

“चौकडी म्हणजे स्ट्रिंग क्वार्टेट,” कमलाकांत दबक्या आवाजात म्हणाले. “मराठीत लिहिलं, एवढीच माझी चूक.”

बाहेरच्या खोलीत शेजारचे आत्माराम आणि आनंदा सोड्याच्या बाटल्या, फरसाण आणि पत्ते घेऊन हजर होते. आल्या पाहुण्यांना बोंबील तरी तळून द्यायलाच हवे होते.

कमलाकांत बोईसरला एका रंगाच्या कारखान्यात फोरमन होते. यंत्र बसवायला आलेल्या जर्मन इंजिनिअरनं जेवणाच्या सुट्टीत त्यांना दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो अशा चौघांचं वादन ऐकवलं. काही न कळता ते ‘व्हेरी गुड’ म्हणून बसले. साहेबापुढे म्हटलेलं खोटं पडू नये, म्हणून मग घरी रोज ऐकू लागले आणि निवृत्त होईपर्यंत खरोखरच त्या नादाला लागले. ते सुरू झालं की मुलगा प्रीतम धुतलेली मोटरसायकल पुन्हा धुवायला अंगणात जाई. सून दीपिकाला नेमका माहेरून फोन येई. कुणीतरी शेजारी बसून ऐकावं, एवढंच कमलाकांतांना हवं होतं. म्हणून तर हा रविवार.

त्यांनी स्पीकर लावला.

“वाद्यं अजून जुळवतायत काय?” थोड्या वेळानं आनंदानं विचारलं.

“वाजवतायत.”

“मग गाणारा कदी येणार?”

“यात गाणारा नसतो.”

“म्हणजे नुसती वरात, नवरदेव नाय!” आत्माराम म्हणाले आणि सोडा फोडला.

कमलाकांत हरले नाहीत. “हे समजून घ्यायला लागतं. अडीचशे वर्षांपूर्वी पहिलं व्हायोलिन मिरवायचं, बाकीच्यांनी मागे साथ धरायची. मग एकेका संगीतकारानं प्रत्येकाला बोलू दिलं. शेवटी चौघं बरोबरीनं गप्पा मारायला लागले. कुणी मालक नाही, कुणी नोकर नाही. याला म्हणतात विकास! भावना, बोंबील आण गं!”

भावनाताई ताट घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या.

“हा मधला जाडसर आवाज कुणाचा? पुढे येत नाय, पण थांबला की सगळं पोकळ वाटतं.”

कमलाकांत उठूनच उभे राहिले. इतक्या वर्षांत घरातून आलेला हा पहिला प्रश्न होता. “व्हिओला! अगं, तुला ऐकू येतो तो?”

“रोज येतो. भांडी घासताना दुसरं काय ऐकणार? याला बोलू दिलं म्हणता ना, ते कदी?”

“सांगतो, सगळं सांगतो! बस इथं.” कमलाकांतांनी खुर्ची पुढे ओढली. “फक्त बसायच्या आधी तेवढा कांदा चिरून आण.”

भावनाताईंनी ताट खाली ठेवलं. आतून झारा आणला आणि नवऱ्याच्या हातात दिला. मग अंगणाकडे तोंड करून सगळ्या घराला ऐकू जाईल असं म्हणाल्या, “पुढच्या रविवारीपण चौकडी बसणार. मी आणि दीपिका बाहेरच्या खोलीत बसू. कांदा प्रीतम चिरेल आणि बोंबील हे तळतील.”