धाकट्याचा वस्तरा

दोघा भावांचं सलून. कात्री दोघांची चाले, पण दाढीला लोक धाकट्याकडेच बसत. हा बाबा वस्तरा गळ्याशी असतानाच विनोद सांगायचा आणि गिऱ्हाईक हसू दाबून लालबुंद व्हायचं.

एकदा पायरीवरून घसरला, हात टेकला, अंगठ्याखालचं काजूएवढं हाड मोडलं. प्लास्टर घातलं. पण प्लास्टरमध्ये मनगट वळेना, आणि मनगट वळल्याशिवाय हनुवटीखाली वस्तरा फिरत नाही. मग या शहाण्याने काय करावं? दाढी भिजवतात तसं प्लास्टर कोमट पाण्यात भिजवलं आणि आपल्याच कात्रीने कापून काढलं!

वर्षभर कळा सोसत, दात आवळून तो दाढ्या करत राहिला. एके दिवशी मनगटात चमक आली आणि वस्तरा निसटला. गिऱ्हाइकाच्या गळ्यावर रक्ताची बारीक रेघ उमटली. माणूस भला, "होतं असं कधी कधी," म्हणाला. धाकट्याने मात्र वस्तरा खाली ठेवला तो ठेवलाच.

"हाड जुळलंच नाही," शेवटी हात दाखवायला गेला तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मोठी चीर नको. बारीक भोकं पाडू, एकातून कॅमेरा घालू. मेलेला भाग खरवडू, शेजारच्या हाडाचा चुरा भरू, स्क्रू बसवू."

"आणि तरी नाही जुळलं तर?"

"तर मनगट झिजत जाईल. वस्तऱ्याचं मग विसरा."

ऑपरेशनला हात बधिर, माणूस जागा. पडद्यावर स्वतःच्याच मनगटाचं आतलं दिसत होतं. घाबरून डोळे मिटले, तर खरवडण्याचा आवाज जास्तच ऐकू यायला लागला. जन्मभर इतरांना "हलू नका" म्हणणारा हा माणूस कुणी न सांगता दगडासारखा पडून होता.

काही महिन्यांनी हाड जुळलं. डॉक्टरीणबाई खूश. धाकटा मात्र वस्तऱ्याच्या वाटेला जाईना. शेवटी थोरलाच खुर्चीत बसला.

"चल, माझी कर."

"दादा, नको ना. लागलं म्हणजे?"

"लागू दे. घरातलाच गळा आहे."

फेस लावला. वस्तरा हनुवटीखाली गेला. मनगट वळलं, दुखलं नाही. थोरला डोळे मिटून निवांत बसला होता, निदान चेहऱ्यावरून तरी. मग धाकट्याची नजर खाली गेली. दादाने खुर्चीचे हात इतके घट्ट धरले होते की बोटं पांढरी पडली होती.

धाकट्याचा वस्तरा मात्र हलला नाही. त्याने उरलेली दाढी पुरी केली, गळा पुसला आणि म्हणाला, "दादा, झाली. आता श्वास घे."