चुन्यातली अंडी

खालापूरच्या बाजारातल्या अंड्यांच्या ठोक व्यापाऱ्याने दहिवलीच्या चाचाला फसवले. हे आधीच लिहून टाकतो, कारण चाचा स्वतः ते कधी बोलला नाही, आणि ज्याने बोलायला हवे तो अजून गादीवर बसून गिऱ्हाइकांना चहा पाजतो.

नाव सांगत नाही. दहिवलीत सगळे त्याला चाचाच म्हणत. लढाईच्या दिवसांत तुम्ही त्या वाटेने गेला असाल, तर ओट्यावर लाकडी पेटीपुढे उकिडवा बसलेला म्हातारा तुम्हीही पाहिला असेल. डोळ्यांवरचा चष्मा काढून तो पेटीच्या छोट्या दारातून आत सरकवायचा. थोड्या वेळाने बाहेर काढून तसाच नाकावर चढवायचा. समोरचे जग धूसर दिसले की खूश. स्वच्छ दिसले की आतल्या पत्र्याच्या थाळीत पाणी ओतायचा.

"चाचा, चष्मा शिजवताय काय?" मी विचारायचो.

"शिजू दे रं. तुझ्या जिभंसारखा कोरडा निघाला तर पाणी घालीन."

उमेदीची वर्षे त्याने बोटीच्या इंजिनखोलीत काढली होती. घरी आल्यावर जुनी पेटी, कंदील आणि भाताचा तूस यांवर त्याने अंडी उबवायचे यंत्र उभे केले. मी गावोगाव अंडी गोळा करून मुंबईला धाडायचो, आणि त्याच्याकडून कोंबडे घ्यायचो. भाव जमला नाही की मी दुरडी आपटून तरातरा निघायचो. वळणापर्यंत पोचलो की मागून हाक यायची, "अरं, छत्री राहिली तुजी!" बोलता बोलता ती त्यानेच पाठीमागे सरकवलेली असायची. परत आलो की तोच भाव, त्याच आवाजात. कर्जत-खालापुरात मला भावात नमवणारा तो एकटा.

"ऊब कंदील देतो," तो म्हणायचा. "ओल माज्यावर हाय."

अंडे कवचातून श्वास घेते आणि आतला ओलावा थोडाथोडा बाहेर टाकते, हे मी त्याच्याकडून ऐकले. पावसाळ्यात आपल्याकडची हवाच भिजलेली; तेव्हा तो थाळी काढून ठेवायचा, नाहीतर पिलू कवचातच गुदमरते. थंडीत घाटावरून कोरडे वारे सुटले की पेटीमागे ओले गोणपाट टांगायचा, नाहीतर आतला पापुद्रा चामड्यासारखा वाळून पिलाला चिकटतो. चुकायचाही. पहिल्या पावसाळ्यात त्याने सगळी पेटी घालवली आणि कोणी विचारण्याआधी घरोघर जाऊन सांगितले, "मी बुडवली." त्याची ही खोडच होती. ताटात केस निघाला तरी तो आधी स्वतःच्या दाढीवर हात फिरवायचा.

लढाई संपली त्या वर्षी कोंबड्यांवर मानमोडीची साथ आली. दहिवलीतली खुराडी ओस पडली. बायांच्या हातातला मीठमिरचीचा पैसा अंड्यांवर चालायचा, तो थांबला. शेजारची भागी सगळ्यांना घेऊन ओट्यावर आली.

"चाचा, खुराडं सारवून ठेवलंय. आता तुमीच बगा."

"दर घराला पिलं देतो," चाचा म्हणाला. "ही जबान झाली."

पण अंडी कुठून आणणार? मी शेलूपर्यंत फिरून आलो, तिकडेही रोग. शेवटी चाचा स्वतः खालापूरला गेला. त्या व्यापाऱ्याने त्याला खुर्ची दिली, 'कप्तानसाहेब' म्हटले आणि ताजी म्हणून अंडी दिली. तुसाची दुरडी मांडीवर धरून चाचा बैलगाडीतून परत आला. एकाला तडा जाऊ दिला नाही.

पेटी लागली. भर दुपारी चाचा घोंगडीखाली कंदील घेऊन शिरायचा, अंडे ज्योतीपुढे धरायचा आणि कवचाआड पिलाची पहिली शीर दिसली की आतूनच ओरडायचा, "धागा धरला! लाल धागा!" बाया ओट्याखाली हसायच्या. मग एक दिवस घोंगडीतून आवाज येईना. धागे विरत चालले होते. त्याने पाणी वाढवले. मग काढले. गोणपाट टांगले, उतरवले. चष्मा दिवसभर पेटीत आणि हा चाचपडत घरात. एकही अंडे फुटले नाही.

"चाचाचा हात गेला," भागी म्हणाली. रागाने नाही, रागावली असती तर बरे झाले असते.

"पानी चुकलं माजं," चाचा दारोदार सांगत फिरला.

मी गेलो तेव्हा दुरडीच्या तळाशी थोडी अंडी उरली होती. एक हातात घेतले आणि माझे डोके फिरले. जाड टोकाला बारीक कचकच लागत होती. मी चूल पेटवायला लावली आणि आमच्या घरी वाचलेल्या एकाच कोंबडीचे मी बरोबर आणलेले अंडे नि ते एक, दोन्ही कढत पाण्यात सोडली. घरच्या अंड्याच्या अंगावर बारीक बुडबुडे उठले. दुसऱ्यावर एकही नाही, आणि मग ते फट्कन फुटले. कवचाची भोके बुजली होती. लढाईत लष्कराच्या छावणीसाठी अंडी टिकावीत म्हणून व्यापारी ती चुन्याच्या निवळीत घालून ठेवत. छावणीची खरेदी थांबली, तेव्हा रांजणातली शेवटची अंडी धुऊन खालापूरच्या या शेटने चाचाच्या दुरडीत भरली. नुकतीच बुडवलेली, म्हणून तर धागे धरले. बुजलेल्या कवचाआड पुढे श्वास कुठला, नि ओल कुठली?

"चला खालापूरला!" मी ओरडलो. "त्याच्या गादीवर फोडतो ही!"

चाचाने कवचाचा तुकडा बोटाने चोळला. "मुद्दाम नसंल रं केलं त्यानं. त्यानं मला खुर्ची दिली."

मी एकटाच गेलो आणि भर बाजारात तोंड सोडले. व्यापारी शांतपणे म्हणाला, "म्हातारा स्वतःच सांगतो ना पाणी चुकलं म्हणून? मग मला कशाला विचारता?" लोक हसले.

चाचाने पेटी परत लावली नाही. पुढच्या पावसाळ्यात तापाने गेला. मी नंतर भागीला सगळे समजावले, चुना, बुडबुडे, रांजण. तिने पदराने डोळे टिपले आणि म्हणाली, "तुमी त्याची बाजू घेता, बरं हाय. पन तो मानूस खोटं बोलनारा नवता. पानी चुकलं, असं त्यानंच सांगितलं."

त्याच्या शब्दापुढे माझा शब्द चालत नाही. चालेल तो एकाचाच. म्हणून शेटजी, मी तुम्हाला विचारतो. अंडी कुठल्या रांजणातून काढली? कोणी धुतली? मला सांगू नका. दहिवलीला या, भागीच्या अंगणात उभे राहा, सगळ्या बायांना बोलवा आणि तुमच्या तोंडाने सांगा, की म्हाताऱ्याचे पाणी बरोबर होते.