शांताकाकूंचा डावा डोळा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, बायकोला नाही. बायकोला एकदा सांगायला बसलो होतो — आणि भलतंच काहीतरी बोलून उठलो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ही पण भीतीच ना?

धाड गावच्या बाजाराच्या रस्त्यावर माझं डिझाइनचं दुकान आहे. बॅनर, लग्नपत्रिका, जुने फोटो नवे करून देणं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि गेलो तो शेजारच्या भास्करकाकांमुळे. शाळेत असताना चित्रकलेच्या परीक्षेला त्यांनीच मला एसटीनं बुलढाण्याला नेलं. एका हातानं माझा ड्रॉइंग बोर्ड सांभाळत, कडेवर त्यांची तान्ही मुलगी, मनीषा. पेपर सुटेपर्यंत फाटकाबाहेर उभे होते. हे मी विसरलेलो नाही. विसरलो असतो तर बरं झालं असतं.

मनीषाला घेऊन काका आमच्या गावात राहायला आले, तेव्हा तिची आई, शांताकाकू, वारलेली होती. काकूंना धाडमध्ये कुणी पाहिलेलं नाही. माहेरचं येणंजाणं तुटलेलं. होता तो एक फोटो, भिंतीवर उंच टांगलेला. काका लहानग्या मनीषाच्या डाव्या पापणीवर बोट ठेवून म्हणायचे, "हे मायचं हाये." तिची ती पापणी थोडी उतरलेली आहे — नुकतीच झोपेतून उठल्यासारखी.

पदवी घेऊन मी दुकान टाकलं, तेव्हा पहिलं काम म्हणून काकांनी तो फोटो आणला. "ओल लागली रे त्याले. तुह्या हातानं नवा करून दे."

ओलीनं फोटो काचेला चिकटला होता. असा फोटो ओढायचा नसतो, काचेसकटच स्कॅन करायचा असतो. मला हे शिकवलेलं होतं. तरी मी ओढला. का? काचेची चमक नको होती, काम झळकायला हवं होतं... चर्र झालं. उजवा अर्धा चेहरा कागदावर राहिला, डावा काचेवर.

इथवर ती चूक होती. काचेवरचा भागही स्कॅन करून जोडता आला असता. पण जोड दिसला असता, काकांनी विचारलं असतं, आणि मला सांगावं लागलं असतं — की इतकं शिकून आलेला मी, फोटो फाडून बसलो.

मग मी उरलेला अर्धा चेहरा सिलेक्ट केला. कॉपी केला, आरशातल्यासारखा उलटा फिरवला, शेजारी ठेवला. नाकावरची शिवण मऊ ब्रशनं मिटवली. दोन्ही डोळे एकसारखे. आमचे सर वर्गात सांगायचे — चेहरा मधोमध दुमडा, दोन बाजू कधीच जुळणार नाहीत. माणूस ओळखू येतो तो त्या फरकामुळे. मी हे परीक्षेत लिहिलंही होतं.

काकांना फ्रेम जुनीच हवी होती, काच पण तीच. म्हणून मी ब्लेड घेतलं. आणि काचेवर राहिलेला तो उतरल्या पापणीचा डोळा खरवडून काढला. काच धुतली. पेपरनं पुसली.

— झालं. सांगितलं.

काकांनी फोटो हातात घेऊन बराच वेळ पाहिला. "येगळी वाटून राह्यली रे."

"काका, जुन्या फोटोत डोळ्यावर सावली होती. कम्प्युटरनं साफ केली."

"सावली?"

"हाव."

त्यांनी बाहीनं काच पुसली. मग म्हणाले, "असंन बा. मले आता तितकं आठवत बी नाही. तू शिकेल माणूस."

त्यानंतर मनीषाच्या पापणीवर बोट ठेवताना मी त्यांना कधी पाहिलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात काका वारले. आणि आता मनीषा दुकानात आली, स्थळांसाठी फोटो काढायला. पाहुणे डोळ्यावरून नाही म्हणून गेलेले.

"दादा, हा डोळा सारखा कर ना. शाळेत पोरी मले झोपाळू म्हणत." हसली. मग हसू गेलं. "बाबा मायचा डोळा हाये म्हणत, पण ते माही समजूत काढाले. मी कोणावर गेली, काय माहीत. आईचे डोळे पाह्य कसे हायेत. तिच्यावर गेली असती तं बरं झालं असतं."

ती समोर स्टुलावर बसलेली. दुकानात दुसरं कुणी नाही. मी तोंड उघडलं — आणि म्हणालो, "हनुवटी जरा खाली घे."

फोटो काढला. अर्धा चेहरा सिलेक्ट केला. कॉपी केला, उलटा फिरवला. शिवण मिटवली.

स्क्रीनकडे पाहता पाहता तिचे डोळे भरून आले. "आता दिसून राह्यली मी आईसारखी."

ती आईसारखीच होती. हे सांगणारे काका गेले. दाखवणारी काच मी धुतली. आता ते एकट्या मला माहीत आहे — आणि मी फोटो छापले, कडा सरळ कापल्या, पाकिटात घालून तिच्या हातात दिले.