वेचू न दिलेलं

नवऱ्याच्या ऑफिसातल्या लोकांनी मला पाकिटात घालून शांतता दिली. इथे जर्मनीत ब्लॅक फॉरेस्टच्या उतारावर एक जपानी पद्धतीची सराई आहे, तिथल्या दोन जणांच्या मुक्कामाचं गुटशाइन, म्हणजे भेटकूपन. कार्डावर लिहिलं होतं, ‘थोडी शांतता मिळावी म्हणून.’ तो जाऊन महिनाही झाला नव्हता. मला शांतता नको होती. मला भांडायचं होतं, आणि भांडायला समोर कुणी नव्हतं.

अगदीच नव्हतं असं नाही. सासूबाई होत्या.

त्यांचा व्हिसा झाला तेव्हा इथलं सगळं उरकलं होतं. विमानतळावरून मी त्यांना थेट कार्ल्सरूहेच्या दफनभूमीत नेलं आणि भिंतीतला एक चौकोनी दगड दाखवला. त्यांनी दगडावर हात ठेवला आणि विचारलं, “अस्थी कुणी वेचल्या?”

कुणीच नाही. इथे दहनानंतर उरलेलं दळतात, डब्यात भरतात, डबा बंद करून थेट दफनभूमीत पाठवतात. मी विचारलं होतं. स्मशानाच्या ऑफिसात टेबलाशी बसून, माझ्या तोलून-मापून शिकलेल्या जर्मनमध्ये म्हणाले होते, मला वेचू द्या, निदान एक लहानसा तुकडा हातात द्या. तो माणूस अतिशय सौम्य होता. “लायडर,” म्हणाला. दुर्दैवाने. इथे नाही म्हणायच्या आधी लायडर म्हणतात आणि कागदी रुमालांचा डबा पुढे सरकवतात. मी तो डबा त्याच्याकडे परत सरकवला. तेवढंच काय ते माझं भांडण.

सासूबाईंना मी हे शब्दन् शब्द सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग पुण्याला नणंदेला फोनवर म्हणाल्या, “म्हणे लायडर! विचारलंच नसेल गं हिने. सदा पुस्तकात डोकं, मान वर केली तर विचारणार ना. माणसंच ती, नाही कशाला म्हणतील?” मी शेजारच्या खोलीत होते. दार उघडं होतं, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

अशा आम्ही दोघी, नोव्हेंबरच्या एका शनिवारी, शांतता घ्यायला गेलो.

दारात चपला काढायच्या होत्या. सासूबाईंना ते पटलं. आत चटयांची खोली, सरकती दारं, ठेंगणं टेबल. पलंग नाही. “जमिनीवर झोपायला एवढ्या लांब आणलंस होय,” त्या म्हणाल्या, आणि माझ्या आधी मांडी घालून बसल्या. बाहेर देवदारांत धुकं होतं. दर्शनी दालनात एक जोडपं किमोनो घालून फोटो काढून घेत होतं आणि कुजबुजत हसत होतं. त्यांचं हसणंही मला सहन होईना.

सराई चालवणारी बाई जपानी होती, सत्तरीच्या आसपासची, पाठ ताठ. आम्ही शाकाहारी आहोत हे मी आधीच कळवलं होतं. संध्याकाळी तिने खोलीतच जेवण मांडलं: टोफू, अळंबी, लाल भोपळ्याच्या शिजवलेल्या फोडी, भात. सासूबाईंसाठी काटा-चमचा आणला होता. तो त्यांनी बाजूला सारला आणि चॉपस्टिक्स उचलल्या.

“आई, चमचा घ्या ना.”

“का? मला यायचं नाही?”

फोड दोनदा निसटली. मी न राहवून माझ्या काड्यांनी ती उचलली आणि पुढे धरली. त्यांनी हट्टाने आपल्या काड्या पुढे केल्या आणि हवेतच ती पकडायला गेल्या. तेवढ्यात त्या बाईने आमच्या मध्ये आडवा हात घातला. “प्लीज, असं नको.”

मी माफी मागितली. तिलाच अवघडल्यासारखं झालं. ती सावकाश जर्मनमध्ये सांगू लागली. त्यांच्याकडे दहनानंतर घरचे लोक अस्थी अशा वेचतात. एकाने काड्यांनी उचलायची, दुसऱ्याने आपल्या काड्यांत घ्यायची आणि कलशात ठेवायची. पायांपासून सुरुवात, डोकं शेवटी, म्हणजे माणूस आत उलटा राहत नाही. एरवी काड्यांतून काड्यांत काही द्यायचं नाही. जेवताना तर नाहीच.

“काय म्हणते?” सासूबाईंनी विचारलं.

जेवणाची रीत वेगळी आहे, एवढं सांगून मला सुटता आलं असतं. पण माझ्या डोक्यात रक्त चढलं होतं. ऐकाच आता, असं मनात म्हणत मी सगळं सांगितलं, पायांपासून डोक्यापर्यंत.

सासूबाईंनी काड्या खाली ठेवल्या. “तिला विचार, इथे देतात का तसं वेचायला?”

मी विचारलं. बाई ट्रे उचलता उचलता थांबली. तिचा नवरा जर्मन होता, इथेच वारला. तिनेही विचारलं होतं. जपानहून अस्थी वेचायच्या काड्याही मागवून ठेवल्या होत्या. “लायडर,” ती म्हणाली आणि ट्रे उचलला.

भाषांतर करायला मी तोंड उघडलं. सासूबाईंनी हात वर करून मला थांबवलं. तो शब्द त्यांना कळला होता.

बाई गेली. दार सरकल्याचा आवाज झाला. सासूबाई भोपळ्याकडे बघत होत्या. चुकलं वगैरे त्या म्हणाल्या नाहीत, आणि म्हणाल्या असत्या तर मी ते घेतलंही नसतं. त्यांनी एक रिकामी वाटी आमच्या दोघींच्या मध्ये ठेवली. काड्या घट्ट धरल्या, सावकाश एक फोड उचलली आणि माझ्यापुढे केली.

“धर.”

“आई, त्यांनी नको म्हटलंय.”

“म्हटलं असेल. धर तू.”

मी माझ्या काड्यांत फोड घेतली.

“पायांपासून ना?” त्यांनी विचारलं.

“हो.”

मी फोड वाटीत ठेवली. त्यांनी दुसरी उचलली. मध्येच गरम चहा घेऊन बाईने दार सरकवलं. तिने वाटी पाहिली, आम्हाला पाहिलं. चहा तिथेच उंबऱ्याशी ठेवला आणि दार परत लावून घेतलं.

“लायडर म्हणे,” सासूबाई म्हणाल्या, शिवी द्यावी तसं. या वेळी मला उद्देशून नाही. आणि पुढची फोड माझ्यासमोर धरली.